पळसाच्या पानावरचा भात

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची रीत आहे. माझं तसं नाही. बाकीच्या केसेस मला आठवाव्या लागतात, डायऱ्या काढून बघाव्या लागतात. ही एक कधी विसरलेच नाही. ताटात दहीभात आला की ती समोर उभी राहते, आणि मग मला तो घास गिळवत नाही. असं काहून, ते पुढं कळेल.

नावं मी कुणाचीच सांगणार नाही, गावाचंही नाही. हिंगोली जिल्ह्यातलं जुनं गाव आहे, दोन वेशी अजून उभ्या आहेत, मधोमध यादवकाळातली बारव आहे, एवढं पुरे. बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची विहीर. मी पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. शिक्षण दहावी. पंचनामा कसा लिहायचा हे मला कुणी शिकवलं नाही. रेकॉर्डातले जुने पंचनामे दुपारच्या वेळेला काढायची आणि वहीत उतरवून काढायची, तशी शिकले. एक हवालदार होते, ते माझी वही बघून म्हणाले होते, "बाई, जे दिसलं ते लिवायचं. काहून दिसलं, ते लिवायचं न्हाई. ते कोर्टाचं काम." ते मी गाठीला बांधलं. जन्मभर दिसलं ते लिहीत गेले. या केसमध्येही लिहिलं. लिहिलेलं वाचलं मात्र नाही.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. हजेरी होऊन गेली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेत होता, मी वॉरंटांची फाईल लावत होते. फोन आला की बारवेतली देवी जाग्यावर नाही. फोन करणारी होती ती इलेक्ट्रिक स्कूटरवाली ताई.

तिला सगळं गाव ओळखत होतं. तिशी ओलांडलेली, इतिहासात एम.ए. झालेली, बौद्ध वस्तीतली पोरगी. वडील एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले. कॉलेजात नोकरीसाठी बरीच वर्षं चकरा मारल्या, लागली नाही, तेव्हा तिनं हे काढलं. चार पोपटी रंगाच्या बॅटरीवरच्या स्कूटर. औंढ्याला दर्शनाला आलेली माणसं सवड काढून इकडं यायची. पुढं ही, गळ्यात छोटा स्पीकर अडकवलेला, मागं तीन गाड्यांवर पाहुणे. दीड तासात सगळं जुनं गाव दाखवून आणायची. गाड्यांना आवाज नव्हता. गल्लीतली शेळी उठायची नाही, ओट्यावर झोपलेला म्हातारा जागा व्हायचा नाही. आमचे पोलीस त्यांना मुक्या घोड्या म्हणायचे.

आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे चौथऱ्यावर बसलेले होते आणि ती पायऱ्यांवर उभी. सातव्या पायरीपाशी भिंतीत कोनाडा. त्यात गुडघ्याएवढी दगडी देवी होती. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून चढून तिचा नुसता गोळा झाला होता, वर चांदीचे डोळे चिकटवलेले, बस. नाक नाही, तोंड नाही. आता कोनाडा रिकामा.

पंचनामा मीच लिहिला. दोन पंच घेतले, त्यातला एक शिंपी. कोनाड्याचं माप, भिंतीची दिशा, आत शेंदराचे कपचे, तेलाचा ओघळ, हिरव्या बांगड्या, एक खण, आणि पळसाच्या पानावर मूठभर भात, वाळलेला, आंबूस वासाचा, मुंग्या लागलेल्या.

शिंपी म्हणाला, "मॅडम, भाताचं बी लिवता? उंदरानं आणला असल."

"दिसलं ते लिहायचं," मी म्हणाले आणि लिहिलं.

बारव रोज सकाळी झाडणारी एक आज्जी होती. सत्तरी पार केलेली, एकटीच देवीचं तेलपाणी करायची. तिचा जबाब घेतला. "आज्जी, देवी कुणी नेली, कुणाला नेताना पाहिलं का?"

"न्हाई बाई. कुणाला नेताना म्या न्हाई पाह्यलं."

मान खाली होती. मला वाटलं, दुःखानं. तीन ओळींचा जबाब झाला, अंगठा घेतला, तिला घरी पाठवलं.

मग मी त्या ताईला म्हणाले, तुझा रस्ता मला दाखव. रोज कुठून कुठं जातेस, कोण कोण बघतं, हे मला कळायला पाहिजे.

"गाडी येते का मॅडम?"

"मी बुलेट चालवलेली बाई आहे."

"मंग हिला जपा. आवाज करत न्हाई ना, ब्रेक मारेपस्तोर कळत न्हाई आपण किती जोरात आहो."

खरं सांगते, मी त्या गावात तीन वर्षं काढली होती, पण गाव त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पूर्वेच्या वेशीच्या दारावर हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले खिळे मी कधी बघितले नव्हते. निजामाच्या काळातल्या कचेरीसमोरून रोज जीप नेत होते, पण तिच्या भिंतीवर उर्दू अक्षरं आहेत हे तिनं बोट दाखवल्यावर दिसलं. रंगाऱ्यांच्या गल्लीत घराघरासमोर दगडी डोण्या होत्या, कापड रंगवायच्या, आता त्यांत कुणी कोंबड्यांना पाणी ठेवतं. ओट्यावरच्या बायका हसून म्हणाल्या, "का गं, आज पोलीसबाईबी गिऱ्हाईक व्हय?"

"आज फुकट हाय," ती म्हणाली. "उद्यापासून तुमाला बसवते मावशी, लुगडं नीट धरून बसा."

"बया, मला न्हाई बसायचं त्या भुताच्या गाडीवर. माणूस कवा पाठीमागं आलं कळतबी न्हाई."

सगळ्या हसल्या. तीही. परत बारवेपाशी आलो तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. "मॅडम, मी एम.ए.ला हिच्यावरच लिहिलं होतं," ती म्हणाली. "आमच्या घरात देव न्हाईत. पण ही बाई कुणीतरी घडवली ना? हात चालला असल कुणाचा. शेंदराखाली तिचं तोंड कसं हाय हे आज जित्या असलेल्या एका माणसाला म्हाईत न्हाई. एकदा तरी तिचा चेहरा बघायला मिळावा, एवढंच माझं होतं."

फिर्याद तिचीच नोंदवून घेतली. अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद. तिसऱ्या दिवशी ठाण्यावर मोर्चा. आमचे साहेब तरुण होते, वरून सारखे फोन. चौथ्या दिवशी खबर आली. स्टँडवर एक पानटपरीवाला होता, तो आम्हाला बातम्या द्यायचा. मागच्या दाराच्या बाकावर बसून तो साहेबांना म्हणाला, "साहेब, मी तुमाला बराबर सांगतो. आदल्या दिशी दिवस मावळायच्या टायमाला ती गाडीवाली बारवेवर एकलीच होती. निंगाली तवा गाडीवर पोतं होतं. भरलेलं. अन् गाडीला आवाज हाय व्हय? कोन ऐकणार?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, फिर्याद देणाराच कितीदा आरोपी निघतो, तुम्हाला तर माहीत आहे."

मला माहीत होतं. माझ्या नोकरीत तसं घडलेलं होतं. तिला चौकशीला बोलावलं. महिला असल्यानं चौकशी माझ्याकडं.

पोत्याचं विचारलं. म्हणाली, हेल्मेट होती, चार. रोजच पोत्यात घालून नेते. फोन घेतला, तर त्यात देवीचे फोटो, सगळ्या बाजूंनी, शेजारी मापाची पट्टी ठेवून काढलेले. म्हणाली, अभ्यासासाठी. एका पाहुण्यानं तिचा व्हिडिओ काढून सगळीकडं टाकलेला होता, त्यात ती पाहुण्यांना सांगते की ही मूर्ती खरं तर संग्रहालयात पाहिजे, शेंदूर काढून हिचा चेहरा एकदा बघितला पाहिजे. साहेबांनी तो व्हिडिओ मला तीनदा दाखवला.

"हेतू," ते म्हणाले.

एक गोष्ट आता लिहिते, तेव्हा बोलले नाही. पोतं, फोटो, व्हिडिओ हे सगळं नंतरचं. खबर आली आणि तिचं आडनाव घेतलं गेलं, त्याच क्षणी खोलीतल्या आम्हा सगळ्यांचा अर्धा तपास होऊन गेला होता. कुणी तसं बोललं नाही. बोलायची गरज पडली नाही. तेच पोतं घेऊन दुसऱ्या वस्तीतली पोरगी निघाली असती, तर आम्ही आधी पोत्यात काय होतं ते विचारलं असतं.

सूर्य मावळायच्या आत अटक दाखवली. कोर्टानं तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. आमच्या ठाण्यात महिला कोठडी नव्हती, म्हणून संध्याकाळी तिला हिंगोलीला न्यायचं, सकाळी परत आणायचं. जीपमध्ये मी तिच्या शेजारी. माझी आपली एक पद्धत होती. मी हात उचलायची नाही, आवाज चढवायची नाही. आपला डबा उघडायचा, भाकरी मोडायची, अर्धी समोरच्याला द्यायची आणि घरच्या गोष्टी काढायच्या. किती तरी बायका त्या अर्ध्या भाकरीवर माझ्याजवळ मोकळ्या झाल्या. गुन्हा कबूल झाला की साहेब लोक म्हणायचे, मॅडमच्या भाकरीला सलाम.

तिनं भाकरी खाल्ली. आंबाडीची भाजी होती, चांगली झाली म्हणाली. आणि तरी तेच सांगत राहिली.

"बाळा, कुणाला दिली ते सांग. मूर्ती परत आली तर तुझं पण हलकं होईल."

"मॅडम, मीच तर फोन केला तुमाला."

"तसं करतात लोक."

"काहून करतील?" तिनं खरंच विचारलं, तिला समजून घ्यायचं होतं. "नेली असती तर मी पाहुण्यांना घेऊन तिथंच काहून गेली असती? ती माझ्या दौऱ्यातली शेवटची जागा हाय. ती न्हाई तर मी लोकांना काय दाखवू?"

हे बोलणं किती सरळ होतं. पण मी माझी भाकरी दिली होती, आणि भाकरी खाऊनही जी कबूल होत नाही ती पक्की मुरलेली, असं मी समजले. साहेबांना तसं सांगितलंही. वीस-पंचवीस वर्षांत माझी पद्धत चुकली नव्हती, मग ती पोरगीच चुकीची ठरली.

तिच्या चारी स्कूटर मुद्देमाल म्हणून जप्त केल्या. गुन्ह्यात वापरलेली वाहनं. ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली ओळीनं उभ्या केल्या. तिचे वडील रोज सकाळी येऊन गेटपाशी बसायचे, पांढरा सदरा, कंडक्टरसारखा खिशाला पेन. मला बघून उठून उभे राहायचे. "जय भीम, मॅडम." मी नुसतं "बसा" म्हणायची. एक दिवस ते पिशवीत चार्जर आणि लांब वायर घेऊन आले.

"मॅडम, पोरीनं सांगितलं. ह्या गाड्या पडून राहिल्या की बॅटरी मरते. महिन्यातून एक डाव तरी चार्ज करू द्या. लाईटीचं काय व्हईल ते मी बघतो."

ठाणे अंमलदार म्हणाला, "बाबा, मुद्देमालाला हात लावता येत न्हाई. कोर्टाचा कागद आणा."

ते वायर गुंडाळून निघून गेले. पुढच्या महिन्यात परत आले. पुन्हा तेच उत्तर. त्याच्या पुढच्या महिन्यातही आले.

मूर्ती मिळाली नाही. मळ्यांतल्या विहिरी बघितल्या, कडबा उचकला, तिच्या नातेवाइकांची घरं झडती घेऊन उलथीपालथी केली. अडीच आठवड्यांनी तिला जामीन झाला. दोषारोपपत्र मुदतीत गेलं, मूर्ती "इतर अज्ञात साथीदारांमार्फत विल्हेवाट लावली" असं लिहून. ती गावात आली, पण गाव तिचं राहिलं नव्हतं. ज्या ओट्यावरून बायका तिची चेष्टा करायच्या, तिथून त्या आत उठून जायला लागल्या. नळावर तिची घागर आली की बाकीच्या घागरी सरकायच्या. तिला कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. महिनाभरात ती नांदेडला निघून गेली, कपड्याच्या दुकानात कामाला लागली. वडील एकटे राहिले.

भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. तिसऱ्या दिवशी त्यांना निरोप. नवी सून आलेली होती, तिला सगळं मी दाखवत होते. ओटी भरली. हिरव्या बांगड्या, खण ठेवला. मग पानावर दहीभात वाढायला सांगितला.

सून म्हणाली, "आई, पुरणावरणाचा नैवेद्य झाला की. आता हा दहीभात काहून?"

मी म्हणाले, "अगं, जाणाऱ्याला शिदोरी. वाटेत खायला. देवाला पाण्यात सोडायचं असलं की..."

पळी हातात तशीच राहिली. हिरव्या बांगड्या, खण, पळसाच्या पानावर भात, आंबूस वासाचा. माझंच अक्षर, माझाच पंचनामा, साडेपाच महिने फाईलीत पडलेला. चोर देवीची ओटी भरत नाही. चोर देवीला शिदोरी देत नाही. माझ्या आईनं आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पडून हात तुटला तेव्हा असंच केलं होतं. खंडित झालेला देव घरात ठेवत नाहीत. ओटी भरतात, दहीभात देतात, आणि पाण्यात सोडतात. कुणाला सांगत नाहीत, अशुभ म्हणून. हे मला कुणी शिकवायला पाहिजे होतं का? मी याच मातीतली बाई. पण कोनाड्यासमोर मी पोलीस होऊन उभी होते, आणि पोलिसाला रिकामा कोनाडा म्हणजे चोरीच दिसते.

दुसऱ्याच दिवशी, साध्या साडीवर, आज्जीकडं गेले. ती अंगणात शेंगा निवडत होती.

मी या खेपेला वेगळं विचारलं. "आज्जी, देवी खंडित झाली होती का?"

तिनं वर बघितलं. इतकं साधं बघितलं की जसं काही मी पावसापाण्याचं विचारलंय.

"व्हय बाई. आदल्या सांजंला, अंधार पडल्यावर तेल घालताना कलंडली. शेंदराचा भार लई झाला व्हता. कमरंतून दोन तुकडे झाले. आमी तिघी बायकांनी ओटी भरली, शिदोरी दिली अन् तिथंच बारवंत सोडली. कुठं न्यायची? तिचंच पाणी हाय ते."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं, कुणाला नेताना पाह्यलं का. न्हाई पाह्यलं. म्या खोटं न्हाई बोलले."

"अहो पण त्या पोरीला धरून नेलं. तुम्हाला कळलं ना?"

"कळलं की." ती शेंगा निवडायची थांबली. "मला वाटलं, तिनं दुसरं काही केलं असल. पोलीस उगं कुणाला नेतात व्हय?"

ती मला फसवत नव्हती, मलाच उलट विश्वासानं विचारत होती.

मग शेंगा पुन्हा हातात घेत म्हणाली, "लई गोड तोंड व्हतं तिचं, बाई. पडली तवा शेंदराची खोळ सगळी सुटून आली एकदम. मी जन्मभर तेल घातलं, पर तोंड त्या दिशी पाह्यलं. हसरी व्हती. कानात ही मोठाली फुलं. नाकाचा शेंडा जरा झिजलेला. हनवटीला खळी."

मी धावत साहेबांकडं गेले. साहेब पेन फिरवत म्हणाले, "मॅडम, दोषारोपपत्र गेलंय. आता काय म्हणायचं, आम्ही चुकलो?" तरी त्यांनी नाही म्हटलं नाही. पुरवणी जबाब घ्या म्हणाले, बारव उपसून बघू म्हणाले. मोटार आणली तर सगळं गाव बारवेच्या काठावर. सोडलेली देवी वर काढायची नाही. अपशकुन होईल, पाणी आटेल, कुणाच्या घरातलं माणूस जाईल. बायका पायऱ्यांवर बसून राहिल्या. मोटार परत गेली. आज्जीला जबाबासाठी बोलावलं, तर तिचा मुलगा तिच्या पुढं उभा राहिला. "आईला भास व्हतेत साहेब. वयामुळं." आज्जीनं मुलाकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. अंगठा दिला नाही. बाकीच्या दोघी बायका कोण, हे तिनं कधीच सांगितलं नाही. थंडीच्या दिवसांत ती गेली.

मी लेखी अहवाल वर पाठवला. त्याचं पुढं काय झालं, मला कळवलं गेलं नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

केस उभी राहिली तेव्हा पंचनामा लिहिणारी म्हणून माझी साक्ष झाली. आता जे लिहायचं ते लिहायला बसायला मला इतकी वर्षं लागली. सरकारी वकिलांनी विचारलं, हा पंचनामा तुमच्या अक्षरातला आहे का? मी म्हणाले, होय. मजकूर बरोबर आहे का? होय. तिच्या वकिलानं विचारलं, मूर्ती आरोपीकडून मिळाली का? नाही. कुणी आरोपीला मूर्ती नेताना पाहिलं का? नाही. भाताचं मला कुणी विचारलं नाही. ती समोर बसलेली होती, निळी ओढणी घेतलेली, माझ्याकडं बघत. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. साहेबांची बदली होऊन ते मोठ्या जागी गेले होते. मला जेवढं विचारलं, तेवढंच मी सांगितलं. खोटं बोलले नाही. आज्जीसारखीच.

ती सुटली. निकालात लिहिलं होतं, संशयाचा फायदा देऊन. म्हणजे सुटली, आणि संशय तिच्याजवळच ठेवला. गावानं त्यातला एवढाच शब्द उचलला.

मुद्देमाल परत द्यायचा हुकूम आला तेव्हा मी अजून नोकरीत होते. तिचे वडील आले, तीच पिशवी, तीच वायर. कडुनिंबाचा पाला, चिमण्यांची घाण, सीटा फाटलेल्या. ठाणे अंमलदारानंच खिडकीतून वायर घेतली आणि बटण दाबलं. आम्ही पाच-सात जण भोवती उभे. एका शिपायानं गंमत केली, "घोडी खिंकाळते का बघू." पहिल्या गाडीला दिवा लागला नाही. दुसरीला नाही. म्हाताऱ्यानं चारीही गाड्यांना एकेक करून चार्जर लावून बघितला, हातानं प्लग पुसून पुन्हा लावला. मग शिपाईही हसायचा थांबला. म्हातारा वायर गुंडाळत म्हणाला, "राहू द्या मॅडम. पोरगी म्हणलीच व्हती." गाड्या त्यांनी नेल्या नाहीत. कुठं नेणार होते.

निवृत्त झाल्यावर मी नांदेडला तिच्या दुकानात गेले. दुपारची गिऱ्हाइकं नव्हती. ती साड्यांच्या घड्या घालत होती. मला ओळखलं. स्टूल दिलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. भात, महालक्ष्म्या, आज्जी, बारवेतलं पाणी. कोर्टात गप्प बसले तेही सांगितलं. ती घड्या घालत होती, एक साडी पुरी झाली की दुसरी घ्यायची. मला वाटत होतं की आता ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, बाहेर जा म्हणेल. मी त्याचीच तयारी करून गेले होते. खरं म्हणजे त्याच्यासाठीच गेले होते.

एक घडी पुरी करून तिनं विचारलं, "किती तुकडे झाले, मॅडम?"

"दोन. कमरेतून."

"म्हंजे चेहऱ्याला काही झालं न्हाई?"

"नाही. शेंदूर सगळा सुटून आला म्हणे. आज्जीनं बघितला चेहरा."

तिचे हात थांबले. "कसा होता?"

मी आज्जीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. हसरी. कानात मोठी फुलं. नाकाचा शेंडा झिजलेला. हनवटीला खळी. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "खळीचं परत सांगा." मी परत सांगितलं.

एवढ्यात गिऱ्हाईक आलं. ती उठली आणि त्या बाईला साड्या दाखवायला लागली. मी थोडा वेळ बसले. मग उठून आले.

या केसनं मला काय शिकवलं, असं शेवटी लिहायचं असतं. तपासात काय विचारलं यापेक्षा काय विचारलं नाही ते एकदा वाचून बघावं, असं मी नव्या पोरींना सांगते. त्या माना डोलावतात, वहीत लिहूनही घेतात. पण हे शिकून त्या पोरीचं काय झालं? काही नाही. शिकले मी, आणि तेही नोकरी संपल्यावर. मी ज्यांच्या ज्यांच्याकडून भाकरी देऊन कबूल करून घेतलं, त्यांच्यातल्या कितीजणी खरं बोलत होत्या आणि कितीजणी नुसत्या भाकरीला जागून हो म्हणाल्या, हे मला आता कोण सांगणार?

पंचनाम्याची एक छायाप्रत माझ्याकडं आहे. ती ओळ ठळक आहे, अक्षर चांगलं आलंय. "पळसाच्या पानावर मूठभर भात, वाळलेला." दिसलं ते लिहिलं. खाली माझी सही आहे.